चटईखाली

पहाट व्हायच्या आधी मामाने मला उठवलं.
काही बोलला नाही.
सरपणाची मोळी माझ्या खांद्यावर दिली,
भट्टीचे काळे दगड स्वतः उचलले,
आणि आम्ही निघालो लेइतूच्या अंगणाकडे.
सवाई बेटावर आमची रीतच आहे तशी.
ज्याच्या हातून घात झाला त्याने लाकूड न्यायचं, दगड न्यायचे.
म्हणजे, हे घ्या, आम्हाला भाजा,
तुमचा हक्क आहे.

तीन दिवसांपूर्वी मी ट्रक मागे घेत होतो.
तारोची पोती रचलेली. आरशात नुसती पोती.
फेतुली सात वर्षांचा होता.
त्याची एक चप्पल चाकापाशी सापडली, असं पोलिसाने लिहून घेतलं.
दुसरी कुठे होती ते त्याने विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

अंगणात मांडी घालून बसलो, माना खाली.
मामीने आमच्यावर चटई पांघरली,
तिच्या आजीने विणलेली, केतकीच्या पात्यांची,
लुगड्यासारखी मऊ,
लग्नाला नाहीतर मरणाला पेटीतून निघणारी.
आत अंधार. पण पुरता नाही.
विणीतून उजेडाचे कण मांडीवर सांडू लागले
तेव्हा कळलं, उजाडलं.

मामाने काही केलं नव्हतं.
ट्रक माझा, पाय माझा, घाई माझी.
तरी तो बसला होता माझ्या उजव्या हाताला,
जिकडे घराचं दार होतं.
कुणी धावून आलंच, तर आधी तोच लागावा.

आमचे पाद्री पेनितोआ दर रविवारी
कृपा, दया, शांती एका दमात म्हणायचे,
आणि लहानपणी मला वाटायचं ते कुणा बाईचं नाव आहे,
ती आली आहे, मागच्या बाकावर बसली आहे,
आपण वळून बघायचं नाही.
चटईखाली ते नाव आठवत राहिलो.
पुढचं काहीच आठवेना.

ऊन चढलं.
कुणीतरी कोयत्याला धार लावत होतं,
सावकाश, थांबून थांबून.
मग धुराचा वास आला. आमचंच लाकूड. ओळखलं मी.
दगड तापून तडकल्याचा आवाज आला.
मामाचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून थरथरत होता.
वाटलं, रीत म्हणता म्हणता
आज खरंच होणार.

पावलं आली.
चटई उचलली गेली, आणि एवढा उजेड,
की आधी फक्त तिचे पाय दिसले.
लेइतूने चटईची घडी घातली,
टोकाला टोक जुळवून, वाळलेले कपडे आवरावेत तशी.
म्हणाली, "ऊन लागतंय. आत या."

कोयता तिच्या दिराने बाहेरच ठेवला होता.
तेवढं मला समजलं असतं.
तेवढं घेऊन मी जन्मभर खाली मान घालून जगलो असतो.
पण तिने पान वाढलं.
मासा, तारो, नारळाच्या दुधातली भाजी,
सगळं आमच्याच दगडांवर शिजलेलं.
घास उतरेना. ती समोर बसून राहिली.
रडत होती, आणि माशाचे काटे काढून
माझ्या पानाच्या कडेला ठेवत होती.
अपराध पोटात घालणं म्हणतात,
इथे तिने माझ्याच पोटात काहीतरी घातलं,
अजून पचलेलं नाही.

शांती त्या दिवशी आली नाही.
खोटं कशाला सांगू.
अजून ट्रक मागे घेण्याआधी मी खाली उतरतो,
पोत्यांमागे जाऊन, वाकून बघतो.
लेइतूही रात्री उठून दारात उभी राहते.
तिनेच सांगितलं एकदा,
समुद्र आज खवळलाय म्हणावं, तसं.

रविवारी ती माझ्या मागच्या बाकावर असते.
पाद्री म्हातारे झालेत, आता ते तीन शब्द
तीन श्वासांत म्हणतात.
मी वळून बघत नाही.
तिच्या हातात पात्यांचा पंखा असतो,
ती स्वतःला वारा घालते,
आणि तो माझ्या मानेला लागतो.